अ‍ॅसिडमुळे चेहरा चुरचुरतो. त्वचा पातळ झाली का?

10 टक्के ग्लायकोलिक अ‍ॅसिडचे सीरम तीन आठवडे रोज रात्री लावल्यानंतर आता साधे पाणीही चेहऱ्याला झोंबते आणि गाल काळपट दिसतात, तेव्हा त्वचा कायमची पातळ झाली का, असे आपण विचारले आहे. तसे झालेले नाही. बिघडले आहे ते त्वचेचे वरचे संरक्षक आवरण, आणि ते पुन्हा भरून येते.

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील मृत पेशी प्रथिनांच्या सूक्ष्म दुव्यांनी एकमेकींना जखडलेल्या असतात, आणि हे दुवे सुटत जातात तसतशा त्या नकळत गळून पडतात. ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक आम्ल हे दुवे ढिले करून तेच काम लवकर घडवून आणते. संशोधक व्हॅन स्कॉट आणि यू यांनी 1974 मध्ये ही आम्ले इक्थिओसिस या खवलेदार, कोरड्या त्वचेच्या विकारावर उपयोगी पडतात असे दाखवले, त्यामागेही हाच परिणाम होता. सॅलिसिलिक आम्ल मात्र तेलात विरघळत असल्याने तेलाने भरलेल्या रंध्रांत शिरते, म्हणून मुरमांसाठी ते अधिक सोयीचे.

बाटलीवरच्या टक्क्यांवरून तीव्रतेचा अंदाज बांधणे ही सर्वांत मोठी चूक, असे माझे मत आहे. त्वचेत सहज शिरते ते मुक्त, म्हणजे विद्युतभार नसलेले आम्ल, आणि त्याचे प्रमाण सामूवर (पीएच; हा आकडा जितका कमी तितके द्रावण अधिक आम्लधर्मी) ठरते: ग्लायकोलिक आम्लाच्या द्रावणाचा सामू 3.8च्या आसपास असेल तर निम्मे आम्ल मुक्त असते, तर सामू 5 असेल तेव्हा जेमतेम 6 टक्के. त्यामुळे 10 टक्क्यांची एक बाटली सौम्य आणि तेवढ्याच टक्क्यांची दुसरी जहाल निघू शकते. (बेसनात कालवलेल्या दह्यातही लॅक्टिक आम्ल असते, पण किती आणि कोणत्या सामूचे, हे कोण सांगणार?)

रोजच्या वापराने आपल्या त्वचेला सावरायला उसंतच मिळाली नाही. पेशींमधील स्निग्ध पदार्थांची घडी विस्कटली की पाणी उडून जाते आणि एरवी निरुपद्रवी असणारी क्रीमसुद्धा झोंबू लागते. ‘चुरचुरते म्हणजे गुण येतोय’ हा समज इथेच महागात पडतो, कारण आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत दाह झाला की रंगद्रव्य वाढते आणि डाग मागे राहतो. शिवाय या आम्लांच्या वापराने त्वचा उन्हाला अधिक हळवी होते, म्हणजे तो डाग आणखी गडद होण्याची सोय आपणच करून ठेवतो.

आता महिनाभर अ‍ॅसिड, स्क्रब आणि रेटिनॉल (‘अ’ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) पूर्णपणे बंद ठेवावे. सौम्य फेसवॉश, बिनसुगंधी मॉइश्चरायझर आणि दिवसा किमान एसपीएफ 30चे सनस्क्रीन एवढेच पुरे. झोंबणे पूर्ण थांबल्यावर पुन्हा लावायचेच असेल तर ग्लायकोलिकऐवजी 5 टक्के लॅक्टिक किंवा मँडेलिक अ‍ॅसिड निवडावे, कारण या दोन्हींचे रेणू मोठे असल्याने ते हळूहळू आत जातात. तेही आठवड्यातून एकाच रात्री. त्वचा सोलवटली, सुजली किंवा तिच्यातून पाणी येऊ लागले, तर मात्र महिनाभर वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि जाताना ती बाटलीही सोबत न्यावी.