इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नसेल तर
नागपूरच्या सीताबर्डीतील दुकानात नवी एसएसडी (माहिती साठवणारी डिस्क) परत करायला निघण्यापूर्वी ती बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) दिसते का, एवढे तुम्ही पाहून घ्या. तेथे दिसत असेल आणि केवळ विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये यादी रिकामी येत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसतो; इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत डिस्क व्हीएमडी या इंटेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरमागे असते आणि त्याचा ड्रायव्हर (तो ओळखून चालवणारे सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरपाशी नसतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्यासाठीचा इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर उतरवून घ्या, सेटअपची फाइल तशीच न ठेवता ती उलगडून आयएनएफ फाइल (विंडोजला ड्रायव्हरची माहिती देणारी फाइल) असलेला फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा आणि इन्स्टॉलरच्या ‘लोड ड्रायव्हर’मधून तो दाखवा. याऐवजी बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कोऱ्या डिस्कवर तो खपून जातो, पण आधीची विंडोज असलेल्या लॅपटॉपवर ती सुरूच न होण्याचा धोका असतो.