‘मॅडम, हिला कशातच रस नाही’

करिअर समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पालक खुर्चीत टेकायच्या आतच ते माझ्या कानांत वाजायला लागतं. कधी ‘हिला’, कधी ‘ह्याला’, एवढाच फरक. पाठोपाठ येतं, ‘वर्गातल्या बाकीच्यांचं सगळं ठरलंय.’ (ठरलेलं नसतं. त्यांनी एक उत्तर पाठ केलेलं असतं, इतकंच.)

सतरा वर्षांची ही मुलगी आली तेव्हा फाइलमध्ये कल चाचण्यांचे तीन अहवाल होते, रंगीत आलेखांसकट. एकात कायदा, दुसऱ्यात व्यवस्थापन, तिसऱ्यात ‘सर्व क्षेत्रांत समान कल’. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदललेत, पण अहवालांचा हा गोंधळ तसाच आहे.

“तुला काय वाटतं?”

“काहीही चालेल.”

पहिल्या दोन भेटी या ‘काहीही चालेल’वरच खर्ची पडल्या. चूक माझीही होती. घरीदारी सगळे जे विचारत होते तेच मीही विचारत होते: पुढे काय व्हायचंय?

माणसाचे गुण पाहायचे, कामांची माहिती घ्यायची आणि दोन्ही जुळवायचं, हा विचार जुना आहे. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बोस्टनला व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं तेव्हापासूनचा. पण सतराव्या वर्षी जुळवायला अनुभव असतो कितीसा? माझा ओढा जॉन क्रुम्बोल्ट्झ यांच्याकडे. कॉलेजात मुख्य विषय ठरवायची वेळ आली तेव्हा त्यांनी सल्ला विचारला तो टेनिसच्या कोचला. कोच मानसशास्त्र शिकवत, म्हणून हेही मानसशास्त्राकडे गेले आणि पुढे स्टॅनफर्डला करिअर समुपदेशनातले मोठे अभ्यासक झाले. न ठरणं हा आजार नाही, हात-पाय हलवत राहिलं की योगायोगही कामाला येतात, हा त्यांचा विचार मला पटतो.

तिसऱ्या भेटीत मी आई-बाबांना बाहेर बसवलं. ती टेबलावरचा माझा माहितीचा फॉर्म उलटसुलट करत होती.

“मॅडम, यातला चौथा प्रश्न चुकलाय.”

“कसा?”

“‘आवडीच्या गोष्टी लिहा.’ म्हणजे करायला आवडतात त्या, बघायला आवडतात त्या, की जमतात त्या? आईने ‘वाचन’ लिहिलं, मी रिकामं सोडलं. त्यापेक्षा ‘गेल्या आठवड्यात काय करताना वेळ कसा गेला कळलं नाही?’ असं विचारा ना.”

अकरा वर्षं वापरत होते मी तो फॉर्म. क्षणभर राग आला, खोटं कशाला बोलू? मग पेन तिच्यापुढे सरकवलं. वीस मिनिटं तिने मान वर केली नाही. ‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्या त्या मुलीला माझं एकही वाक्य चालत नव्हतं!

“असं आणखी कुठे करतेस?”

“प्रयोगशाळेतल्या सूचना मैत्रिणींना कळत नाहीत, मग मी परत लिहून देते. पण ते काय काम थोडंच आहे?”

इथे मला माझ्याच कामातली एक गोष्ट नव्याने उमगली. जे सहज जमतं ते मुलांना गुण वाटतच नाही. म्हणून आता मी आवड विचारत नाही. तुझ्याकडे लोक काय घेऊन येतात? काय वेडंवाकडं दिसलं की तुला राहवत नाही? मुलं आवड दुसऱ्यांची बघूनही सांगतात, चिडचिड मात्र स्वतःची असते.

मग तिला काम दिलं: नोकरी-व्यवसायातल्या तिघांना भेटायचं आणि एकच विचारायचं, ‘गेल्या मंगळवारी दिवसभर काय केलंत?’ काम कसं आहे असं विचारलं की भाषण मिळतं. मंगळवार विचारला की काम दिसतं. ती एका वकिलांना भेटली, एका शिक्षिकेला भेटली. तिसऱ्या बाई वैद्यकीय उपकरणांच्या वापराच्या सूचना लिहिणाऱ्या. रुग्ण उपकरण हाताळताना कुठे अडखळतो ते त्या शेजारी बसून बघतात आणि ती ओळ पुन्हा लिहितात.

“मॅडम, याचे पैसे मिळतात?” तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

बाबांना अर्थातच शाखेचं नाव हवं होतं. मी दिलं नाही. या वयात दारं शक्य तितकी कमी बंद करावीत. ती गणित सोडणार होती. मी म्हटलं, आधी कोणकोणत्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशालाच ते लागतं ते बघ. मागून गणित उचलणं फार जड जातं. कॉलेजच्या माहितीपत्रकातले फोटो सोडून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे विषय वाचायला लावले. शाखा बदलता येते का, कधीपर्यंत, आणि पूर्ण मुदतीचा खर्च किती, हे तिने स्वतः फोन करून विचारलं. अर्जातल्या निबंधाचा पहिला खर्डा ‘मला समाजासाठी काहीतरी करायचं आहे’ असा सुरू होत होता. दुसरा प्रयोगशाळेतल्या सूचनांपासून सुरू झाला, आणि त्यात ती दिसत होती.

भाषा आणि संगणक दोन्ही घेता येतील असा अभ्यासक्रम तिने निवडला. माझ्या फॉर्मचा चौथा प्रश्न आता तिच्या शब्दांत आहे. मध्यंतरी तिचा मेसेज आला: सातवाही बदला.