बावन्न टक्क्यांचं सार्वमत

एका वाचकानं विचारलं आहे: 'ब्रिटन युरोपीय महासंघातून बाहेर पडलं, त्याविषयी मराठीत वाचताना एकाच मतदानासाठी सार्वमत, जनमत चाचणी, जनमत कौल आणि जनमत संग्रह असे चार शब्द सापडले. बरोबर कोणता? आणि एका बाजूला ५२, दुसऱ्या बाजूला ४८ टक्के असताना त्याला 'सार्व'मत कसं म्हणायचं?'

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

'सार्वमत' म्हटलं की आपल्याला 'सर्वमत' ऐकू येतं आणि त्यापाठोपाठ 'सर्वानुमते'. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त वाचून वाचून 'ठराव सर्वानुमते मंजूर' हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण 'सर्व' आणि 'सार्व' यांत एका कान्याचा फरक आहे आणि सगळी गंमत त्या कान्यात आहे. पहिल्या स्वराची अशी वृद्धी झाली की 'त्याच्याशी संबंध असलेलं' असा अर्थ येतो. सर्वजनांचं ते सार्वजनिक, सर्वत्र होणारं ते सार्वत्रिक. सार्वत्रिक निवडणूक म्हणजे सगळीकडे एकच पक्ष निवडून आला असं कुणी समजत नाही. ती सगळीकडे झाली, इतकंच. सार्वजनिक गणपतीची मूर्ती सगळ्यांना आवडतेच असं नाही, वर्गणी मात्र सगळ्यांकडे मागतात. सार्वमताचं तसंच आहे. 'सार्व' हे विशेषण विचारण्याला लागतं, उत्तराला नाही. त्यामुळे ५१.८९ विरुद्ध ४८.११ टक्के असा निकाल लागला तरी ते सार्वमतच. उद्या ९९ टक्के लोक एका बाजूला गेले, तरी त्यामुळे ते अधिक 'सार्व' होणार नाही.

मग खरा प्रश्न उरतो तो 'सर्व' म्हणजे कोण, हा. २३ जून २०१६ च्या त्या मतदानात तो आमच्या घरापर्यंत आला होता.

माझी मावसबहीण तेव्हा इंग्लंडमधल्या स्विंडनला राहत होती. हातात भारतीय पासपोर्ट, तिथं जाऊन जेमतेम तीन वर्षं झालेली, आणि एक दिवस तिच्या नावाचं मतदानाचं कार्ड दारात येऊन पडलं. चूक झाली असणार असं समजून तिनं मला फोन केला. चूक नव्हती. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथं मत देता येतं, त्यात भारतीयही आले. तिच्या शेजारी एक गोंयकार कुटुंब होतं. ते बारा वर्षं तिथं, मुलं तिथल्या शाळेत, पण पासपोर्ट पोर्तुगालचा, आजोबांच्या जन्मावर मिळालेला. म्हणजे ते युरोपीय महासंघाचे नागरिक. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडून महासंघातल्या बाकी देशांच्या नागरिकांना या मतदानात मत नव्हतं. ज्यांचं तिथलं राहणंच पणाला लागलं होतं ते बाहेर, आणि पाच वर्षांत पुण्याला परतायचं ठरवून गेलेली आमची ताई आत. "टॅक्स आमी भरतात, पूण मत दिवंक मेळना," असं शेजारी कुंपणावरून म्हणाले, आणि त्यावर काय बोलावं हे तिला सुचेना.

त्याआधी दोन वर्षं, स्कॉटलंडनं ब्रिटनपासून वेगळं व्हायचं का, यावर १८ सप्टेंबर २०१४ ला सार्वमत घेतलं, तेव्हा महासंघाच्या नागरिकांना मत होतं आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही. २०१६ ला दोघांनाही नव्हतं. बेटं तीच, पण 'सार्व'चा घेर वेगळा. शब्द तो घेर सांगत नाही, त्यासाठी त्या त्या वेळचा कायदा उघडावा लागतो.

त्या शेजाऱ्यांनी मात्र अख्ख्या संभाषणात 'रेफरेंडम' म्हटलं नाही. ते 'ओपिनियन पोल' म्हणत होते. ताईला वाटलं, पेपरवाले करतात त्या पाहणीबद्दल बोलताहेत. तसं नव्हतं. "सदुसश्टांत म्हज्या पायन दोन पानांक मत दिल्लें," (सदुसष्ट साली माझ्या वडिलांनी दोन पानांना मत दिलं) असं ते म्हणाले, आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

कारण गोव्यात 'ओपिनियन पोल' या शब्दाला वेगळं वजन आहे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यानं मत दिलं ते महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं, यावर. त्यासाठी संसदेनं केलेल्या कायद्याच्या नावातच 'ओपिनियन पोल' आहे. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची खूण दोन पानं. पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचा पक्ष विलीनीकरणाचा, डॉ. जॅक सिक्वेरांचा विरोधातला. त्या काळचे वाद अजूनही काही घरांत जेवणाच्या पानावर निघतात. तर बाकी जगात ओपिनियन पोल म्हणजे हजारभर लोकांना फोन करून काढलेला अंदाज, आणि गोव्यात मात्र अख्ख्या प्रदेशाचं भवितव्य ठरवणारं मतदान. त्यालाच मराठीत 'जनमत कौल' म्हणतात आणि कोकणीतही तोच शब्द रूढ आहे.

आता 'कौल'. हा माझा आवडता शब्द, त्यामुळे थोडं रेंगाळतो. (घराच्या छपरावरचं कौल वेगळं, त्याचा इथं संबंध नाही.) मूळ अरबी, अर्थ बोल, वचन. आपल्याकडे आला तो सरकारी कागदांतून. उजाड गाव पुन्हा वसवायचं, पळालेली रयत परत आणायची, तर सरकार कौल देई, म्हणजे अभयाचं लेखी वचन. त्या कागदाला कौलनामा म्हणत. तेव्हा कौल सरकार देत होतं आणि रयत घेत होती. आज वर्तमानपत्रात 'जनतेचा कौल' छापतात तेव्हा दिशा नेमकी उलटी झालेली असते. लोक देतात, सरकार घेतं. हा उलटफेर शब्दानं केव्हा केला हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मला वाटतं, मधे देऊळ आलं. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. गुरव पाषाणाला पाण्यानं भिजवलेल्या फुलांच्या पाकळ्या दोन्ही अंगांना चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर उजवा कौल, काम करा. डावीकडची पडली तर डावा, थांबा. यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. देवाला 'सविस्तर मत द्या' असं विचारता येत नाही, उत्तर दोनांतलं एकच. आणि सगळं अवलंबून असतं ते गुरवानं गाऱ्हाणं कसं घातलं, यावर.

ब्रिटनमध्ये हेच घडलं. आधी ठरलेला प्रश्न होता: ब्रिटननं महासंघाचं सदस्य राहावं का? उत्तर हो किंवा नाही. तिथल्या निवडणूक आयोगानं २०१५ मध्ये हरकत घेतली, की 'राहावं का' एवढंच विचारलं तर राहण्याच्या बाजूला झुकतं माप मिळतं. दोन्ही पर्याय प्रश्नात यायला हवेत. मग 'राहावं की बाहेर पडावं' असं झालं आणि मतपत्रिकेवर हो-नाहीच्या जागी दोन पूर्ण वाक्यं आली. गाऱ्हाणं बदललं. पुढं निकाल लागल्यावर पुन्हा एकदा सार्वमत घ्या म्हणणारे निघाले, तेव्हा आमच्या काकांची प्रतिक्रिया अस्सल मालवणी होती: "उजवो कौल पडापर्यंत पाकळ्यो लावीत बसतले."

म्हणून माझं म्हणणं असं, की सार्वमत आणि कौल हे एकमेकांना पर्याय नाहीत. दोघांची कामं वेगळी. सार्वमत घेतात, ती प्रक्रिया. कौल देतात, ते उत्तर. 'ब्रिटननं सार्वमत घेतलं, लोकांनी बाहेर पडण्याचा कौल दिला' हे निर्दोष मराठी आहे. 'सार्वमत केलं' मात्र लिहू नये. गोव्याच्या संदर्भात 'जनमत कौल' हे विशेषनामासारखं झालेलं आहे, तिथं ते तसंच ठेवावं.

'जनमत चाचणी' ब्रिटनच्या त्या मतदानाला अजिबात लावू नका. चाचणी म्हणजे चाचपून पाहणं, भाताचं एक शीत दाबून पाहावं तसं. इथं तर ७२ टक्क्यांवर मतदारांनी मत दिलं, अख्खं पातेलंच उपसलं. शिवाय त्या मतदानाआधी महिनोन्महिने खऱ्या जनमत चाचण्या होत होत्या आणि त्यातल्या बऱ्याच राहण्याच्या बाजूनं निकाल सांगत होत्या. दोघांना एकच शब्द वापरला तर वाचकानं करायचं काय? एक अडचण मात्र मान्य करायला हवी: ते सार्वमत कायद्यानं बंधनकारक नव्हतं, सल्ल्यापुरतं होतं, आणि पुढची प्रक्रिया सुरू करायला संसदेची मंजुरी लागेल असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१७ मध्ये सांगितलं. पण सल्ल्यापुरतं म्हणून ते चाचणी होत नाही. देवानं दिलेला कौलही कायद्यानं बंधनकारक नसतोच, तो मोडायची छाती किती जणांची होते?

'जनमत संग्रह' हा हिंदीतून आला. हिंदीत तो सरळ रूढ शब्द आहे, तिथं त्याला नावं ठेवायचं कारण नाही. मराठीत 'संग्रह' म्हटलं की कपाट आठवतं. आपल्याकडे काश्मीर आणि जुनागढच्या बातम्यांपासून सार्वमत हा शब्द वाचकांच्या ओळखीचा आहे, तो टाकून हा घ्यायची गरज नाही.

जाता जाता, प्रश्नात नसलेली एक गोष्ट. 'बाहेर पडणं' या अर्थी काही जण 'काडीमोड' लिहितात. काडी मोडायला एक क्षण पुरतो. इथं कौल जून २०१६ ला मिळाला आणि प्रत्यक्ष बाहेर पडणं ३१ जानेवारी २०२० ला झालं. मधला सगळा काळ कोण कुणाला किती देणं लागतं याच्या हिशेबात गेला. त्याला 'फारकत' जास्त शोभतो. फारकत म्हणजे मुळात देण्याघेण्यातून मोकळं केल्याचा कागद. 'विघटन' तर नकोच, कारण महासंघ मोडला नाही, एक सभासद गेला.

आणि ब्रेक्झिटचं लिंग? 'एक्झिट' आपण स्त्रीलिंगी मानतो, नटाची एक्झिट दाद घेऊन जाते. त्या न्यायानं 'ब्रेक्झिट झाली' म्हणायला हवं, आणि मी तसंच म्हणतो. ताई 'झालं' म्हणते. प्रकरण झालं, तसं. तिचे शेजारी तेवढ्यात ब्रिटिश पासपोर्टच्या अर्जाला लागले होते.