राइडमधली माणसं एवढी ओरडतात का?

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन एका मोठ्या पार्कात गेलो होतो. राइड्स झकास, पण त्यातले डायलॉग ऐकून डोकं उठलं. स्क्रीनवरचा माणूस सारखा ओरडतोय, घट्ट धरा, धोका आहे, अरे हे काय झालं! बाहेर आल्यावर पोरांना विचारलं गोष्ट काय होती, तर एकालाही धड सांगता येईना. एवढा पैसा ओततात तर एक बरा लेखक ठेवायला काय होतं?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : लेखक असतो हो, पण त्याच्या वाट्याला काय येतं ते बघा. राइड जेमतेम चार-पाच मिनिटांची, त्यात सीट हलतेय, लोक किंचाळतायत, शेजारचं पोर भोकाड पसरून बसलंय आणि एवढ्यात त्याने वाईट कोण, आपण इथं कशाला आलो, आता पळायचं कुठं हे सगळं सांगायचं. वर आणखी एक गोची म्हणजे हल्लीच्या राइडमध्ये हिरो तुम्ही असता, आणि ह्या हिरोला तोंडच नसतं. तुम्ही उत्तर देणार नाही हे माहीत असल्यामुळे समोरचा एकटाच बडबडत सुटतो, ड्रॅगन समोर आला की "ड्रॅगन आला!" म्हणून ओरडतो. अरे दिसतोय आम्हाला! माझं विचाराल तर राइडच्या लिखाणातलं सगळ्यात मोठं पाप हेच, डोळ्यांनी बघितलेलं परत कानात ओतायचं.

"काहीतरी गडबड झाली" ह्या गोष्टीचा तर आता चोथा झालाय. १९८७ ला कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये स्टार टूर्स ही अंतराळयानाची राइड आली तेव्हा तिचा पायलट रोबो पहिल्यांदाच यान चालवत होता, नवशिका, घाबरट, त्यामुळे यान भलतीकडे जायचं. तिथं ते जमलं कारण गडबड त्या पात्राच्या स्वभावातून व्हायची. मग १९९६ ला हॉलिवूडच्या युनिव्हर्सलमध्ये ज्युरासिक पार्कची बोट आली, आधी शांत सफर आणि मग डायनासोर मोकाट. त्यानंतर जिथं जाल तिथं दुसऱ्या मिनिटाला लाल दिवा आणि भोंगा. (आपल्या खोपोलीच्या इमॅजिकातल्या डायनासोरच्या राइडला राजासॉरसचं नाव दिलंय, तो मात्र खराखुरा आपल्या देशातला प्राणी बरं का, गुजरातेत राहिओलीला त्याची हाडं सापडली आणि २००३ ला त्याचं बारसं झालं. पोरांना आधी एवढं सांगून न्या, त्यांना जास्त मजा येईल.)

आता जुन्या लोकांनी काय केलं ते सांगतो, कारण खरी गंमत तिथं आहे. १९६७ ला डिस्नीलँडमध्ये पायरेट्स ऑफ द कॅरिबियन ही समुद्री चाच्यांची बोट राइड सुरू झाली, तिची स्क्रिप्ट एक्स. अटेन्सिओ ह्या माणसाने लिहिली. हा मूळचा ॲनिमेटर, त्याआधी असलं काही लिहिलेलंच नाही. त्यात लिलावाचा एक सीन आहे, सगळे चाचे एकदम बोलतात आणि धड काही ऐकू येत नाही, म्हणून हा खजील होऊन वॉल्ट डिस्नीकडे गेला. वॉल्टचं म्हणणं पडलं, की पार्टीत फिरताना इकडचं तिकडचं बोलणं कानावर पडतं ना, तसंच हे, माणूस परत येईल तेव्हा दुसरंच काही ऐकेल. हा किस्सा अटेन्सिओ स्वतः सांगायचा. म्हणजे बघा, तिथं चाचे तुमच्याशी बोलतच नाहीत, ते त्यांच्या उद्योगात आणि तुम्ही बाजूने बोटीतून कान देत चाललात. तुम्हाला काही समजावून सांगायची त्यांना गरजच पडत नाही.

डिस्नीलँडच्याच १९६९ च्या हाँटेड मॅन्शनमध्ये, म्हणजे भुतांच्या वाड्यात, वेगळीच अडचण. तिथल्या बग्या साखळीसारख्या एकामागून एक चालूच राहतात, सीनपुढे कुणी थांबत नाही. आता एखाद्या भुताला लांबलचक भाषण दिलंत तर पहिल्या बगीला सुरुवात ऐकू येणार, पाचवीला मधलं, दहावीला नुसतं शेपूट. म्हणून त्यांनी वाड्यातल्या यजमान भुताचा आवाज प्रत्येक बगीतच बसवला, पॉल फ्रीज नावाच्या आवाजी नटाचा, आणि स्मशानातल्या सगळ्या भुतांना एकच गाणं दिलं. गाण्याचे शब्दही अटेन्सिओचेच. कधीही या, मधूनच या, गाणं चालूच असतं आणि तुमचं काही चुकत नाही. त्याच वाड्यात सुरुवातीला एक खोली आहे जिच्या भिंती उंच उंच होत जातात, लोक वर बघत राहतात आणि यजमान भुताचा आवाज त्यांना घाबरवत असतो. खरं म्हणजे ती लिफ्ट आहे. राइडची मुख्य इमारत रेल्वेच्या रुळांपलीकडे, तेव्हा लोकांना खाली उतरवून रुळांखालून न्यायचं होतं. एवढी कोरडी इंजिनीयरिंगची गरज, आणि तिच्यातून त्या राइडचा सगळ्यात भारी सीन निघाला!

नव्यातही सगळंच टाकाऊ नाही हं. फ्लोरिडाच्या ॲनिमल किंग्डममधली २०१७ ची फ्लाइट ऑफ पॅसेज घ्या, आधी खोल्यांमध्ये माहितीचा रतीब घालतात, पण उड्डाण सुरू झालं की बोलणं जवळपास बंद आणि ज्या उडत्या प्राण्यावर तुम्ही बसलेले असता त्याचा श्वास मांड्यांखाली चाललेला जाणवतो. डायलॉग लिहून हे होत नाही.

आणि आपण कोकणातली माणसं, आपल्याला दशावताराची सवय. तिथं राजा अर्धा तास बोलला तरी खपतं, कारण संहिता लिहिलेली नसते, समोरचे पेंगायला लागले की तो ओळखतो आणि आवरतं घेतो नाहीतर एक टोला हाणतो. स्क्रीनवरच्या माणसाला तुम्ही दिसतच नाही, तो काय आवरणार! डिस्नीच्या २०१९ च्या राइज ऑफ द रेझिस्टन्स ह्या स्टार वॉर्सवरच्या राइडमध्ये शत्रूच्या जहाजावर तुम्हाला दरडावणारे अधिकारी म्हणजे पार्कातले जिवंत कर्मचारी असतात आणि ते तुमच्याकडे बघून बोलतात, म्हणून त्यांचं साधं "रांगेत उभे राहा"सुद्धा लागतं.

प्रश्न : मुलगा जपानला नोकरीला आहे, आम्हा दोघांना टोकियो डिस्नीसीला नेणार म्हणतो. जपानी ओ की ठो कळत नाही. पैसे फुकट जातील का?
(रत्नागिरीहून एक आजी)

उत्तर : आजी, बिनधास्त जा. तिथं सिंदबादची बोट राइड आहे, पार्कासोबत २००१ ला सुरू झालेली. २००७ ला ती नव्याने केली, सिंदबादसोबत चंदू नावाचं वाघाचं पिल्लू दिलं आणि ॲलन मेनकन ह्या संगीतकाराचं एक गाणं घातलं जे बोटीबरोबर शेवटपर्यंत चालतं. बोलणं जपानी, पण कोण कुणाला मदत करतंय ते बाहुल्यांच्या हातवाऱ्यांतून कळतं. हॉलंडच्या एफ्टेलिंग पार्कात तर १९९३ पासून ड्रूमफ्लुख्त नावाची राइड आहे, पऱ्यांच्या जंगलातून जाणारी, तिच्यात डायलॉगच नाही, नुसतं संगीत. मुलाला तेवढं सांगा की पाळणे आणि रोलर कोस्टर त्याने एकट्याने करावेत.

प्रश्न : आमच्या वाडीतल्या मंडळान यंदा गणपतीक हलतो देखावो करूचा ठरवल्यानी हा. लिवचा काम माझ्याकडे. बारा मिनटांचा झाला हा, पण गेल्या वर्षी लोक मधीच उठान जायत होते. काय करू?
(मालवणहून)

उत्तर : बारा मिनिटं? अहो, मागे रांग उभी आहे, तिला मोदक खायला घरी जायचंय. तुमची अडचण वर सांगितलेल्या भुतांच्या वाड्यातल्या बग्यांसारखीच आहे, लोक मधूनच येणार, मधूनच जाणार. एक लांब गोष्ट ठेवू नका, मंडपात तीन जागा करा आणि प्रत्येक ठिकाणी मिनिटभराचं फिरतं बोलणं ठेवा, जे आधीचं न ऐकताही कळेल. गोष्टीची पार्श्वभूमी रांगेच्या बाजूच्या कापडावर रंगवा, लोक तिथं तसेही ताटकळतच असतात. विनोदी पात्रांना मालवणीच बोलू द्या, त्यांना पुस्तकी मराठी दिलीत तर सगळं पाणचट होईल. बाहुल्यांनी प्रेक्षकांशी कमी आणि आपापसात जास्त भांडावं. आणि "भक्तजनहो, या पवित्र भारतभूमीत" वगैरे दीड मिनिटाची सुरुवात असेल तर ती आजच्या आज काढा.

दाराशी एक मोठा भोंगा लावण्यापेक्षा प्रत्येक बाहुलीजवळ छोटा स्पीकर लावा. रेकॉर्डिंग झालं की धो धो पाऊस असताना मंडपात वाजवून बघा, पत्र्यावरच्या आवाजात जी वाक्यं ऐकू येणार नाहीत ती सरळ कापा.