विचारा की! : मीटिंगमध्ये सगळे ‘हो मालक’, मग डागाचा माल येतो कुठून?

प्रश्न : नमस्कार सर, आमचा टॉवेलचा कारखाना आहे अक्कलकोट रोड एमआयडीसीत, वडिलांनी चालू केलेला, आता मी बघतो. दर सोमवारी सगळ्यांना गोळा करून विचारतो काय अडचण आहे का, सगळे म्हणतात काय नाय मालक, सगळं बरोबर आहे. आणि माल पॅकिंगला गेला की कळतं धागा तुटलेला तसाच विणलाय, तेलाचा डाग पडलाय, कुठल्या मागावरचा ते कुणालाच माहीत नसतं. जास्त पीस काढा जास्त मजुरी घ्या म्हटलं तरी जो तो रोजच्याएवढंच काढतो. मोटिवेशनवाला स्पीकरपण बोलावून झाला, टाळ्या वाजल्या, वडे संपले, फरक शून्य. आमची माणसंच अशी आहेत का?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आधी खोडा. आपण स्वतः उशिरा पोचलो की म्हणतो रेल्वेचं फाटक बंद होतं, आणि दुसरा उशिरा आला की तो आळशी असतो. या खोडीला ली रॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये नाव दिलं, पण खोड आपल्या सगळ्यांचीच आहे, माझीसुद्धा.

आता रोजच्याएवढंच का काढतात ते. अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्न नावाचा टेलिफोनचं सामान बनवणारा मोठा कारखाना होता, तिथं १९३१-३२ मध्ये १४ कामगार एका वेगळ्या खोलीत बसवून त्यांचं नुसतं निरीक्षण केलं. (याच कारखान्यात दिवे वाढवले काय, कमी केले काय, काम वाढतच गेलं ही गोष्ट प्रत्येक स्पीकर सांगतो, मी सांगत नाही, कारण नंतर मूळ आकडे तपासले तर ती सांगतात तेवढी सरळ निघाली नाही.) तर तिथंपण जास्त कामाला जास्त पैसे होते, तरी दिवसाला किती काम ‘बरोबर’ हे पोरांनी आपसात ठरवलेलं, जो पुढं पळेल त्याची टिंगल व्हायची आणि दंडावर गुद्दा बसायचा. जो फारच मागं राहील त्यालाही बोलणी होतीच. का, तर भीती एकच, जास्त काढून दाखवलं की रेट खाली येणार नाहीतर माणसं कमी करणार. म्हणजे आळस नाही तो, हिशोब आहे. तुम्ही जरा मागचं आठवा, वडिलांच्या काळात म्हणा, की माल भरपूर निघाला आणि पुढच्या दिवाळीनंतर रेट बदलला असं कधी झालंय का? तुम्ही विसरला असाल, तुमचा मुकादम नसेल विसरला.

सोमवारच्या मीटिंगचं तर मला जास्तच वाटतं. एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी नव्वदच्या दशकात दवाखान्यातल्या नर्सच्या टीम बघितल्या, अंदाज असा होता की चांगल्या टीममध्ये औषधाच्या चुका कमी सापडतील, निघालं उलटंच, जिथं कामाचं वातावरण चांगलं तिथंच चुकांची नोंद जास्त! कारण चूक सांगितली तर आपली धडगत आहे असं तिथल्या नर्सना वाटत होतं. तुमच्याकडं डाग दाखवणाऱ्याचं काय होतं हो? मजुरीतून कापता ना? तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मला शंका आहे. आणि दुसरं, तुमच्यातले अर्धेअधिक लोक घरी तेलुगू बोलत असणार, काही कन्नड, आणि मीटिंग तुम्ही मराठीत घेता, तीपण चाळीस माणसांपुढं, वर मुकादम शेजारी उभा. तिथं कोण बोलणार? सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञांनी १९५० च्या सुमाराला साध्या रेघांची लांबी विचारून बघितली होती, बाकीचे सगळे मुद्दाम चुकीचं सांगत असले की डोळ्यांना धडधडीत दिसत असूनही खूप लोक त्यांच्याबरोबर वाहत जायचे. पण एकच माणूस जरी खरं बोलला तरी दडपण एकदम उतरायचं. तो पहिला माणूस तुम्ही व्हा, ‘परवाची ऑर्डर माझ्या चुकीमुळं लेट झाली’ एवढं म्हणून बघा.

आणि आता विणकामाचंच उदाहरण, आपल्या जवळचं. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक या माणसांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले होते. ऑटोमॅटिक माग आलेले पण कापडाचं काही धड होईना. बघतात तर २२४ मागांवर २९ माणसं, कामाचे १२ प्रकार, आणि प्रत्येकाची हद्द वेगळी, याच्याकडं इतके माग, त्याच्याकडं तितके, म्हणून कापड बिघडलं तर ते कुणाचंच नाही. तुमच्या ‘कुठल्या मागावरचं माहीत नाही’सारखंच की! मग ठरावीक माग ठरावीक छोट्या गटाकडं दिले, गट कामगारांनीच आपसात जुळवले, सुरुवातीला गोंधळ झाला पण पुढं माल वाढला आणि खराबी कमी झाली. माणसं तीच होती. सतरा वर्षांनी परत जाऊन बघितलं तेव्हा काही ठिकाणी जुनीच पद्धत परत आलेली दिसली, म्हणजे एकदा लावून मोकळं होता येत नाही.

तुम्ही सगळा कारखाना नका हलवू. एकच ओळ घ्या, चार-पाच माणसं, जॉबरसकट (माग दुरुस्त करणारा), ते माग त्यांचे. सहा महिने रेट बदलणार नाही हे कागदावर लिहून सहीनिशी भिंतीला लावा, आणि डाग स्वतःहून दाखवला तर कपात नाही. स्पीकरचे पैसे वाचतील ते वेगळेच.

प्रश्न : आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर ३२ जण आहेत. पाणी चार-पाच दिवसाआड येतं, त्यात टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय, मी फोटो टाकला, सगळ्यांनी बघितला, अंगठे आले, कुणी हललं नाही. लोक इतके निर्ढावलेत का?
(एक ताई, सोलापूर)

उत्तर : ताई, ३२ जण आहेत म्हणूनच कुणी हललं नाही. लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये खोलीत धूर सोडून बघितलं, एकटा माणूस असला तर चारातले तीन जण उठून सांगायचे, सोबत दोन जण मुद्दाम ढिम्म बसवले की दहातला एकच. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं कळवलं असेल, आणि दुसरा शांत आहे म्हणजे विशेष काही नसेल. त्यामुळं ग्रुपवर फोटो टाकायचा नाही, तळमजल्यावरच्या काकांना नाव घेऊन फोन करायचा, ‘काका, उद्या दहाला प्लंबर येतोय, किल्ली तुमच्याकडं आहे, तुम्ही थांबाल ना?’ आणि पैशाचं दुसऱ्या कुणालातरी, तेही नाव घेऊनच.