ट्रकचालक आणि मालक यांच्यात परस्पर आदर निर्माण करायचा असेल तर सुरुवात कोणी करावी?

आपला प्रश्न असा आहे की चालक मालकाला पिळवणूक करणारा समजतो, मालक चालकाला बेभरवशाचा समजतो, आणि हे चित्र बदलायचे असेल तर पहिले पाऊल कोणी उचलावे. मी काही वर्षे स्वतः जड वाहन चालवले आणि नंतर बराच काळ एका वाहतूक कंपनीत गाड्यांचे नियोजन पाहिले, त्यामुळे रस्त्यावरून कार्यालयात येणारा फोन मी दोन्ही टोकांनी अनुभवला आहे. माझ्या मते सुरुवात मालकानेच करावी. वेळापत्रक, मोबदल्याचे सूत्र आणि गाडीची दुरुस्ती या तिन्ही गोष्टी त्याच्या हातात असतात. चालकाच्या हातात त्या मानाने फार थोडे असते. जे थोडे असते त्याचे मोल मात्र मोठे आहे, आणि त्याविषयीही पुढे लिहिले आहे.

आदराचा विषय निघाला की बहुतेक मालक बोलण्याच्या पद्धतीचा विचार करतात. शिवीगाळ नको, चारचौघांत पाणउतारा नको, चालकाला त्याच्या नावाने ओळखावे. हे सगळे आवश्यक आहे आणि त्यावर वाद नाही. परंतु अत्यंत गोड बोलणाऱ्या मालकाला सोडून चालक निघून जातात आणि तोंडाने फटकळ असलेल्या मालकाकडे वर्षानुवर्षे टिकतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. बारकाईने पाहिले तर खरा फरक दोन ठिकाणी आढळतो. माल चढवण्या-उतरवण्यासाठी थांबून राहण्याचा वेळ कोणाच्या खात्यावर पडतो, हे पहिले. आणि 'आता गाडी पुढे नेणे सुरक्षित नाही' हे चालकाचे म्हणणे शेवटचे मानले जाते की नाही, हे दुसरे.

थांबण्याच्या वेळेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या व्यवसायातील बहुतेक कडवटपणा तिथूनच सुरू होतो. अनेक देशांत चालकाला अंतरावर किंवा फेरीवर पैसे मिळतात. गोदामाच्या फाटकाबाहेर तो चार-पाच तास उभा राहिला तर त्या वेळेचे कोणीच काही देत नाही. ग्राहक देत नाही, कारण उशीर झाल्याचे त्याला काहीच सोसावे लागत नाही. मालक ग्राहकाकडे मागत नाही, कारण ग्राहक दुरावेल अशी त्याला भीती असते. आणि अखेरीस तो खर्च सर्वांत दुबळ्या माणसाच्या अंगावर पडतो. प्रश्न केवळ पैशांचाही राहत नाही. अमेरिकेत मालवाहू गाडीच्या चालकाचा दिवस कामावर रुजू झाल्यापासून १४ तासांच्या चौकटीत मोजला जातो आणि त्यातले जास्तीत जास्त ११ तास तो गाडी चालवू शकतो. फाटकावर ताटकळत असताना ही १४ तासांची चौकट सहसा थांबत नाही. साहजिकच गेलेला वेळ भरून काढण्याचा मोह होतो. अमेरिकी परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असा अंदाज मांडला होता की माल चढवण्या-उतरवण्याच्या ठिकाणी सरासरी १५ मिनिटे जास्त थांबावे लागले तर अपघातांचे अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढते. त्याच देशाच्या १९३८ च्या किमान वेतन आणि कामाच्या तासांच्या कायद्यात ट्रकचालकांच्या मोठ्या वर्गाला जादा तासांच्या वाढीव वेतनातून वगळलेले आहे, हे लक्षात घेतले की चालकाचा वेळ इतका स्वस्त का समजला जातो हे कळते.

युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमावलीने या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला. कापलेल्या अंतराशी किंवा वाहिलेल्या मालाशी जोडलेला मोबदला जर रस्त्यावरील सुरक्षितता धोक्यात आणणारा किंवा नियमभंगाला उत्तेजन देणारा असेल, तर तो देण्यास तिथे मनाई आहे. मला हा नियम महत्त्वाचा वाटतो, कारण चालकाने घाई का केली हे विचारण्याआधी घाई करण्याचे पैसे त्याला कोणी देऊ केले होते, हे विचारायला तो भाग पाडतो.

आपण मालक असाल तर माझा पहिला सल्ला असा राहील की ठरावीक मुदतीनंतर थांबण्याच्या प्रत्येक तासाचा मोबदला चालकाला द्यावा, मग तो ग्राहकाकडून वसूल होवो अथवा न होवो. रक्कम मोठी नसली तरी चालते. हे पैसे स्वतःच्या खिशातून जाऊ लागले की मालकाला ग्राहकाशी स्पष्ट बोलण्याचे बळ आपोआप येते. एरवी कधीही न लागणारे फोन त्या दिवसापासून लागू लागतात, असा माझा अनुभव आहे.

चांगला मोबदला परवडत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. अमेरिकेतील मोठ्या वाहतूक कंपन्यांत चालकांनी वर्षभरात नोकरी सोडण्याचे प्रमाण अनेक वर्षे नव्वद टक्क्यांच्या वर राहिलेले आहे. जे. बी. हंट या कंपनीने १९९७ मध्ये लांब पल्ल्याच्या चालकांचा मोबदला एक तृतीयांशाहून कमी नाही इतका वाढवला आणि अनुभवी चालक घेण्यावर भर दिला. त्यानंतर नोकरी सोडणाऱ्यांचे आणि अपघातांचे, अशी दोन्ही प्रमाणे लक्षणीय घटली. नव्या चालकाला शोधणे, शिकवणे, तो गाडीला आणि मार्गांना सरावेपर्यंतचे नुकसान सोसणे हा खर्च हिशेबाच्या वहीत वेगळ्या रकान्यात दिसत नाही, म्हणून तो नसतोच असे अनेक मालक धरून चालतात.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो. जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एका चालकाच्या ट्रेलरचे ब्रेक कडाक्याच्या थंडीत गोठले. केबिनमधील हीटर चालत नव्हता. त्याने कंपनीला कळवले, दुरुस्तीसाठी येणाऱ्या माणसाची कित्येक तास वाट पाहिली, त्याचे अंग बधिर होऊ लागले, आणि तरीही कार्यालयातून त्याला सांगण्यात आले की ब्रेक गोठलेला ट्रेलर तसाच ओढत न्यावा किंवा जागेवरच थांबावे. शेवटी त्याने ट्रेलर सोडवला आणि पुढचा भाग घेऊन ऊब मिळेल अशा ठिकाणी तो गेला. कंपनीने त्याला कामावरून काढून टाकले. प्रकरण अपील न्यायालयापर्यंत पोहोचले आणि २०१६ मध्ये दोन विरुद्ध एक अशा मताने निकाल चालकाच्या बाजूने लागला. कार्यालयात बसलेला माणूस क्रूर असेलच असे नाही. त्याच्या समोर माल होता, वेळ होती आणि बहुधा ट्रेलर बेवारस राहिल्यास आपल्याला जाब विचारला जाईल ही भीती होती. थंडी मात्र त्याला लागत नव्हती. ज्याला परिस्थिती भोगावी लागत आहे त्याच्या शब्दापेक्षा ज्याला ती दिसतही नाही त्याचा शब्द वरचढ ठरला, की आदराची भाषा कितीही असली तरी तिला अर्थ उरत नाही.

म्हणून मधल्या माणसाकडे, म्हणजे गाड्यांचे नियोजन करणाऱ्याकडे, मालकाने विशेष लक्ष द्यावे. चालकाशी दररोज बोलणारा तोच असतो आणि मालकाचा स्वभाव चालकाला त्याच्याच तोंडून कळतो. मी ते काम पाहत असताना आमच्या मालकांनी एक नियम घालून दिला होता, आणि तो मला आजही उत्तम वाटतो: चालकाने झोप अनावर झाल्याचे, धुके असल्याचे किंवा गाडीत बिघाड असल्याचे कळवले तर त्याला 'का थांबलात' असे विचारायचे नाही, 'कुठे थांबला आहात आणि काय हवे आहे' एवढेच विचारायचे. त्या थांब्यामुळे माल उशिरा पोहोचला तर ग्राहकाला उत्तर देण्याची जबाबदारी कार्यालयाची राहील आणि नियोजकालाही त्याबद्दल बोल लावला जाणार नाही, हे त्यांनी लिहून दिले होते. ही शेवटची ओळ नसती तर बाकीचा नियम टिकला नसता, कारण स्वतःची मान वाचवण्यासाठी नियोजकाने चालकावर दबाव आणलाच असता. या सवलतीचा गैरफायदा कोणी घेतला का, असे मला अनेकांनी विचारले आहे. एखाद-दुसऱ्याने घेतला, आणि तो नियोजनाच्या नोंदींतून लगेच लक्षातही आला. त्यासाठी सर्वांवर संशय घ्यावा लागला नाही.

वेतन ठरल्या दिवशी देणे ही इतकी प्राथमिक बाब आहे की तिच्यावर लिहावे लागू नये. तरीही २०२३ च्या वसंत ऋतूत जर्मनीतील ग्रेफेनहाउझेन येथील महामार्गावरच्या विश्रांतिस्थळी, प्रामुख्याने जॉर्जिया आणि उझबेकिस्तान येथून आलेल्या डझनावारी चालकांनी थकलेल्या वेतनासाठी गाड्या उभ्या करून ठेवल्या आणि मालक खासगी सुरक्षा रक्षकांचा ताफा घेऊन गाड्या ताब्यात घ्यायला तिथे पोहोचला. पोलिसांना मध्ये पडावे लागले. अखेर चालकांना थकबाकी मिळाली, मात्र त्याच वर्षी त्याच ठिकाणी दुसरा संपही झाला.

कायदा किमान मर्यादा आखून देतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७९ च्या १५३ क्रमांकाच्या करारात गाडी चालवण्याचे तास दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ असे सीमित केलेले आहेत. भारताच्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांपुरता ठेवला. एक-दोन गाड्या असलेला छोटा मालक अशा कायद्यांच्या कक्षेबाहेर राहतो किंवा कक्षेत असूनही कोणी तपासायला येत नाही. तिथे चालकाला पुरेशी झोप मिळणे हे जवळजवळ पूर्णपणे मालकाच्या विवेकावर अवलंबून असते. घरी परतण्याच्या बाबतीत युरोपीय संघाने २०२० मध्ये केलेली सुधारणा अनुकरणीय आहे: चार आठवड्यांच्या आत चालकाला घरी परतता येईल असे नियोजन करणे तिथे मालकाचे कर्तव्य आहे आणि ४५ तासांची साप्ताहिक विश्रांती केबिनमध्ये घ्यायला लावता येत नाही. माझ्या पाहण्यात पैशांसाठी नोकरी सोडणाऱ्यांपेक्षा घरी जाण्याचा दिलेला शब्द वारंवार मोडला गेला म्हणून सोडणारे अधिक आहेत.

चालकाच्या बाजूविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण सर्व दोष मालकाचा मानणे सोयीचे असले तरी खरे नाही. मालकही बांधलेला असतो. गाडीचे हप्ते, विम्याचा हप्ता, उशिराबद्दल ग्राहक कापून घेणार असलेली रक्कम, आणि महिनोन्‌महिने अडकून राहणारी भाड्याची बिले. यांतले काहीच चालकाला केबिनमधून दिसत नाही, जसे कार्यालयातून धुके दिसत नाही. या अवस्थेत चालक मालकाला देऊ शकतो अशी सर्वांत मौल्यवान गोष्ट म्हणजे वेळेवर सांगितलेली वाईट बातमी. तीन तास उशीर होणार हे सकाळीच कळले तर ग्राहकाला सांगता येते, दुसरी गाडी लावता येते. तेच माल पोहोचण्याच्या वेळी कळले तर फक्त माफी मागता येते. मागे घेताना लागलेला ओरखडा, फाटलेले खोके, कागदपत्रांतील तफावत, टायरमध्ये दिसू लागलेली झीज या सर्वांना हेच लागू पडते. निघण्यापूर्वी गाडी तपासण्याचे काम अनेक चालक कागदावर खुणा करून उरकतात आणि मग बिघाडाबद्दल मालकाला दोष देतात, हे योग्य नाही. डिझेल परस्पर विकणाऱ्याबद्दल किंवा तासांच्या नोंदीत फेरफार करणाऱ्याबद्दल मला सहानुभूती वाटत नाही, मात्र फेरफार करण्याचा इशारा कार्यालयातूनच आलेला असेल तर दोष प्रथम तिथे शोधावा.

केबिनमधील कॅमेऱ्यांविषयी आपण विचारलेले नाही, तरी हल्ली वाद त्यावरूनच पेटतात म्हणून एक मत नोंदवतो. रस्त्याकडे रोखलेला कॅमेरा बहुतेक वेळा चालकाचाच साक्षीदार ठरतो. चालकाच्या चेहऱ्याकडे रोखलेला कॅमेरा बसवायचाच असेल तर एखादी घटना घडल्यानंतरच त्याचे चित्रण पाहिले जाईल, ते चालकालाही पाहायला मिळेल आणि विश्रांतीच्या वेळी कॅमेरा बंद राहील, हे आधी लेखी ठरवावे. ज्या केबिनमध्ये माणूस झोपतो, जेवतो आणि घरच्यांशी बोलतो, तिथे यापेक्षा अधिक डोकावण्याचा अधिकार मालकाला असू नये.

राहता राहिला नोकरी सोडण्याचा प्रसंग. दोघांनी एकमेकांना काय मानले होते हे तिथे उघड होते आणि मागे राहिलेले इतर चालक तो प्रसंग लक्षपूर्वक पाहत असतात. गाडी वाटेत उभी करून चावी ठेवून निघून जाणारा चालक आपल्यानंतर येणाऱ्या चालकांविषयीचा संशय वाढवून जातो. त्याने मुदतीची पूर्वसूचना द्यावी, हातातली फेरी पूर्ण करावी आणि गाडीत जे दोष आहेत ते लिहून पुढच्या चालकाकडे सोपवावेत. मालकाने त्याच दिवशी किंवा ठरलेल्या दिवशी पूर्ण हिशेब करावा, कपात करायची असल्यास तिचे कारण आणि आकडा कागदावर दाखवावा, त्याचा परवाना किंवा इतर मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नयेत, आणि नवीन मालकाने चौकशी केली तर रागाच्या भरात न बोलता नोंदींवरून जे खरे आहे तेवढेच सांगावे.