मशीन एकच, कापाकापी तीन तऱ्हेची

प्रश्न : सर, माझं चिपळूणला साड्यांचं छोटं दुकान आहे. गेल्या वर्षीची उलाढाल 18 लाखांच्या आसपास. कार्ड मशीन देताना बँकेचा माणूस म्हणाला, चार्ज अगदी नाममात्र. दिवाळीनंतर स्टेटमेंट घेऊन बसले, तर 4,800 रुपयांच्याच तीन साड्या, पण एकीवर 43 रुपये 20 पैसे कापलेत, दुसरीवर 91 रुपये 20 पैसे आणि तिसरीवर काहीच नाही. वर जीएसटी आणि मशीनचं भाडं. शाखेत विचारलं, तर "रेट वरून येतो" एवढंच. आमची व्यापारी संघटना निवेदन द्यायचं म्हणते आहे. त्यात काय मागावं?

उत्तर : ताई, "रेट वरून येतो" हे वाक्य काउंटरच्या आत बसून मीही पुष्कळदा फेकलंय. समोरचा गप्प होतो ना!

रेट वरूनच येतो, पण तुमच्यासाठी तो 0.90 नाही, 0.40 टक्के येतो. रिझर्व्ह बँकेचं 6 डिसेंबर 2017 चं परिपत्रक आहे, 1 जानेवारी 2018 पासून लागू. मागच्या आर्थिक वर्षात 20 लाखांपर्यंत उलाढाल असेल, तर मशीनवरच्या डेबिट कार्डाला जास्तीत जास्त 0.40 टक्के, आणि एका व्यवहाराला 200 रुपयांच्या वर नाही. त्याहून मोठ्या दुकानदाराला 0.90 टक्के, कमाल 1,000 रुपये. 4,800 चे 0.40 टक्के होतात 19 रुपये 20 पैसे. तुमचे गेले 43.20, म्हणजे तुम्हाला मोठ्यांच्या पंगतीला बसवलंय. यात दर वेळी लबाडीच असते असं नाही. फॉर्मवर उलाढालीचा रकाना कोरा राहतो आणि वरचा रेट चिकटतो. असे कोरे रकाने माझ्याही सहीने पुढे गेलेत.

काहीच कापलं नाही, ते बहुधा रुपे डेबिट कार्ड. रुपे डेबिट आणि यूपीआयला 1 जानेवारी 2020 पासून हा चार्ज शून्य आहे. 91.20 म्हणजे बरोब्बर 1.9 टक्के, ते क्रेडिट कार्ड असणार. तिथे रिझर्व्ह बँकेने वरची मर्यादाच घातलेली नाही; जो भाव तुटेल तो खरा. शिवाय तुमची जीएसटी नोंदणी नसेल, तर चार्जवरचा 18 टक्के जीएसटीही तुमच्याच खिशातून गेला, त्याची वजावट नाही.

तेव्हा कागद दोन करा. पहिला तुमचा एकटीचा. शाखेला अर्ज, सोबत सीएचा उलाढालीचा दाखला, जादा कापलेल्या प्रत्येक डेबिट व्यवहाराची तारीख आणि रक्कम, आणि फरक परत करण्याची मागणी. वाद घालू नका, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. पोच मात्र लागतेच.

दुसरा कागद संघटनेचा. त्यात डेबिटचं रडगाणं नको, ते नियमात आधीच आहे. मागायची ती छोट्या दुकानांसाठी क्रेडिट कार्डावरची मर्यादा. आणि ती टक्क्यांत मागा, "व्यवहारामागे अमुक रुपये" असं चुकूनही लिहू नका. अमेरिकेत 2011 मध्ये मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डाला 21 सेंट अधिक 0.05 टक्के अशी मर्यादा आली. मोठी बिलं करणारे खूश झाले. पण दोन डॉलरची कॉफी विकणाऱ्याला आधी त्याहून स्वस्त पडत होतं. कार्ड कंपन्यांनी मर्यादेलाच भाव करून टाकलं आणि त्याचा खर्च वाढला. तुमच्या संघटनेत 60 रुपयांचं रिबिन-बटण विकणारेही असतील, त्यांना विचारून मसुदा करा.

एक राहिलंच. बाजारात कुणी "कार्डावर 2 टक्के जादा" अशी पाटी लावली असेल, तर निवेदनाआधी ती काढायला सांगा. डेबिटचा चार्ज गिऱ्हाइकाकडून वसूल होऊ देऊ नका, असं त्याच परिपत्रकात बँकांना बजावलंय.

मशीनचं भाडं निवेदनात घालू नका. ते शाखेत बसून, चहा घेत बोलायचं. मी कित्येकांचं माफ करून दिलंय. अर्थात, ज्यांनी विचारलं त्यांचंच.